डिस्पोजलचा रेडिओ आणि आपली शाळा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘आयटीतल्या संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर इथल्या निम्म्या घरांत रोज जेवताना चर्चा होते, म्हणून त्यांची परवानगी काढून मी विषय बदलला. आज मी बोलणार आहे आपल्याच शाळेतून १९५७ साली एसएससी झालेल्या एका काकांबद्दल आणि त्यांच्याकडच्या लष्करी रेडिओबद्दल. शेवटी तुमच्याकडे एक मागणी करणार आहे, तेही आधीच सांगून ठेवते.

काका हॅम आहेत. हॅम म्हणजे सरकारी परवाना काढून, निव्वळ हौसेखातर, स्वतःच्या वायरलेस संचावरून जगभरच्या माणसांशी बोलणारा. आपल्या देशात ही हौस १९२१ सालापासूनची. त्या वर्षी कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तूंनी पहिलं हौशी केंद्र चालवलं. दुसऱ्या महायुद्धात हौशी लोकांची प्रक्षेपणं बंद झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली हॅम मंडळींची देशव्यापी संघटना उभी राहिली ती महूला, म्हणजे सैन्याच्या सिग्नल्स विभागाचं प्रशिक्षण जिथे चालतं त्या गावी.

पण परवाना मिळाला तरी संच कुठून आणायचा? परकीय चलन दुर्मीळ, आयातीवर निर्बंध आणि वर जकात. १९८४ साली जकात माफ होईपर्यंत परदेशी संच हे बहुतेकांसाठी मासिकातलं चित्रच होतं. मग आधार होता ‘डिस्पोजल’चा. युद्धासाठी आलेलं, युद्ध संपल्यावर लष्कराने निकालात काढलेलं सामान हातोहात फिरत मुंबईच्या चोर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या जुन्या बाजारात यायचं. काकांनी आपला संच तिथूनच आणला. दर रविवारी त्यांच्याकडे आणखी दोन जुने हॅम येतात, चहा होतो आणि तो संच नेमका कितीला पडला यावर भांडण होतं. तिघांचे तीन आकडे आहेत. गेली दोन वर्षं मी त्या बैठकीला जाते आणि त्यांचं बोलणं टिपून घेते. हॅम मंडळींत पुरुषाला ‘ओल्ड मॅन’ आणि बाईला ‘यंग लेडी’ म्हणायची रीत आहे. पंचेचाळिशीत अशी हाक कुठे ऐकायला मिळते सांगा!

हा संच म्हणजे बीसी-४५५, अमेरिकन लढाऊ आणि बाँबफेकी विमानांत बसवलेला रिसीव्हर. बुटाच्या खोक्याएवढा, ॲल्युमिनियमचा, आत सहा व्हॉल्व्ह. तो ६ ते ९.१ मेगाहर्ट्झ ऐकतो, म्हणजे हॅम लोकांचा लाडका ७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यात आयताच येतो. अडचण एवढीच की तो विमानाच्या २८ व्होल्टच्या विजेवर चालणार. पाठीवर डायनामोटर असतो, छोटी मोटर आणि जनित्र एकाच दांड्यावर. तो २८ व्होल्टचे २५० व्होल्ट करतो, आणि आवाज असा की शेजारी दार वाजवतील.

म्हणून पहिलं काम डायनामोटर उतरवणं. त्याच्या जागी ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कंडेन्सर लावून घरच्या विजेवर २५० व्होल्ट तयार करायचे. मग हीटर. व्हॉल्व्ह १२ व्होल्टचे, पण विमानाच्या २८ व्होल्टसाठी दोन-दोन एकामागे एक जोडलेले. ती जोडणी सोडवून सगळे समांतर करायचे. विमानात हा संच वैमानिक दुरून, वेगळ्या पेटीवरून हाताळायचा, त्यामुळे आवाजाची कळ, मोर्सचा सूर चालू-बंद करायची कळ आणि हेडफोनची जागा नव्याने बसवायची. एवढं झालं, एरियल लावली, की युद्धावर गेलेल्या पेटीतून कुणाचा तरी गप्पा मारणारा आवाज येतो. काका म्हणतात, “तो पहिला आवाज कुणाचा होता ते आठवत नाही, पण त्या रात्री जेवलो नव्हतो एवढं आठवतं.”

प्रक्षेपणासाठी क्रिस्टल लागायचा. डिस्पोजलमध्ये मिळालेला क्रिस्टल हवा त्या वारंवारतेचा क्वचितच असे. मग पेटी उघडून आतली क्वार्ट्झची चकती काचेवर बारीक पूड घेऊन घासायची. चकती पातळ झाली की वारंवारता वर चढते. जास्त घासली गेली तर तिच्यावर पेन्सिलने हलकी रेघ ओढायची, म्हणजे थोडी खाली येते. ही दुरुस्ती मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितली नव्हती. आणि उघड्या संचात बोट दाखवताना एक हात खिशात, कारण दोन्ही हातांतून गेलेली वीज छातीतून जाते. तिघंही अजून तसंच उभे राहतात.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली, कागदपत्रं हरवलेली प्रणाली उघडायची, ती अशीच का बांधली असेल हे समजून घ्यायचं आणि ती चालू ठेवून नव्या कामाला लावायची, यात माझे महिनेच्या महिने जातात. या मंडळींनी नेमकं तेच केलं, हातात फार तर एक मीटर घेऊन. माझ्या टीममधल्या नव्या मुलांना मी आता काकांच्या वहीची पानं दाखवते. कुठली तार कापली, का कापली, कापण्याआधी किती व्होल्ट होते, सगळं तारखेसह लिहिलेलं आहे.

आणि हा खेळ नुसता जुन्या पेट्यांचा राहिलेला नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम आपल्या चमूसह अंदमानात प्रक्षेपणासाठी गेल्या होत्या. त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि त्यांच्या संचावरून लोकांची खुशाली बाहेर जाऊ लागली.

आता माझी मागणी. काकांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते आहे. येत्या मार्चपर्यंत जागा रिकामी करायची आहे आणि भाड्याच्या दोन खोल्यांत हे सामान मावणार नाही. चार संच, व्हॉल्व्हचे दोन ट्रंक, अकरा वह्या. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगून झाला आहे. काका मला एवढंच म्हणाले, “शाळेत कुणी घेतंय का बघ.”

आपली तुकडी शाळेला काय द्यायचं यावर गेले तीन महिने ग्रुपवर चर्चा चालू आहे. वॉटर कूलर जरूर देऊया. पण प्रयोगशाळेमागची खोली रिकामी आहे, मुख्याध्यापकांची ना नाही. कपाटं, नीट वायरिंग, गच्चीवर एरियल, इतकाच खर्च. वह्या स्कॅन करायचं काम माझं. २५० व्होल्टचे संच मोठ्यांच्या देखरेखीखालीच उघडले जातील. परवान्याच्या परीक्षेला वय १२ पूर्ण लागतं, म्हणजे सातवी-आठवीची मुलंही बसू शकतील. काकांनी सहा रविवार शिकवायचं कबूल केलं आहे. हात थरथरतात, म्हणून सोल्डरिंग मुलं करतील आणि ते बाजूला उभे राहून सांगतील. ते ८४ वर्षांचे आहेत, तेव्हा हे सहा रविवार पुढच्या मेळाव्यापर्यंत लांबवता येणार नाहीत.

दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांना पैसे, टेम्पो किंवा एखादा रविवार देता येईल, त्यांनी जेवायला जाण्यापूर्वी नाव लिहावं.

हॅम मंडळी बोलणं संपवताना शुभेच्छा म्हणून एक आकडा म्हणतात. तोच म्हणून थांबते. सगळ्यांना ७३.