पाचशे कॅसेट

अ‍ॅनी डिफ्रँको या अमेरिकन गायिकेचा पहिला अल्बम १९९० साली निघाला. त्याला वेगळे नावसुद्धा नव्हते. तिचे नाव तेच अल्बमचे नाव. शब्द तिचे, चाली तिच्या, आवाजाला साथ फक्त तिच्याच गिटारची. सुरुवातीला काढल्या ५०० कॅसेट.

बफेलो शहरातल्या बारमध्ये ती अगदी लहानपणापासून गात होती आणि पंधराव्या वर्षापासून एकटी राहत होती. त्यामुळे विशीच्या उंबरठ्यावर तिच्याकडे गाण्यांचा साठा तयार होता. कार्यक्रम संपला की ऐकणारे कॅसेट मागत, म्हणून कॅसेट निघाली. एका गाण्यात गर्भपाताचा अनुभव आहे. त्या वयात असे गाणे लिहायला आणि बारमधल्या गोंगाटात ते म्हणायला केवढे धैर्य लागत असेल!

तिचे गिटारवादन तर पाहण्यासारखे. तारा ती इतक्या जोरात छेडते की खरी नखे टिकत नाहीत. म्हणून बोटांना खोटी नखे लावून वरून वायरमनची चिकटपट्टी गुंडाळायची. तारांच्या या ठोक्यांमुळेच एकट्या गिटारीवरचा हा अल्बम कुठे रिकामा वाटत नाही.

विद्यार्थी मित्रहो, या कॅसेटचा प्रसार पुष्कळसा कॉलेजांमधूनच झाला. तिथे कार्यक्रम व्हायचे, तिथेच कॅसेट विकल्या जायच्या आणि एकीवरून दुसरी भरून घेत मैत्रिणी त्या पुढे पोहोचवायच्या.

मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा व्यवहार साधारण असा असतो: रेकॉर्डिंगचा खर्च कंपनी करते, तो कलावंताच्या रॉयल्टीतून वळता करून घेते आणि मूळ रेकॉर्डिंगची मालकी बहुधा स्वतःकडे ठेवते. अ‍ॅनीला पुढे अशा कंपन्यांनी विचारले, पण तिने नकार दिला. ‘राइचस बेब’ ही तिची स्वतःची कंपनी तिने बफेलोतूनच चालवली. दर प्रतीमागे तिला नामांकित बँडपेक्षा जास्त पैसे मिळतात, असे कौतुक ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाने १९९७ मध्ये केले. तेव्हा तिने संपादकांना खुले पत्र लिहून आपले काम पैशात मोजल्याबद्दल नाराजी कळवली. ती नाराजी रास्तच होती. कंपनी तिने काढली होती ती गाणी आपल्या मनासारखी राहावीत म्हणून.

पुढे याच कंपनीने बफेलोतले पाडायला निघालेले एक जुने चर्च वाचवले. तिथे आता संगीताचे कार्यक्रम होतात.