अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे कान



मंडला, दिंडोरी, सिवनीकडची किती तरी अपुऱ्या दिवसांची बाळं उपचारांसाठी जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजात येतात. सुटी मिळते त्या दिवशी आईचं सगळं लक्ष वजनाकडे असतं, आणि ते साहजिकच आहे. पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना आणखी एक विचारा : बाळाची ‘बेरा’, म्हणजे आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी तपासणी, झाली का?

नुसती ‘कानांची तपासणी झाली’ एवढ्यावर थांबू नका. बहुतेक ठिकाणी आधी ‘ओएई’ नावाची तपासणी करतात. आतल्या कानातल्या केसपेशी आवाज ऐकला की स्वतःही एक अतिशय बारीक ध्वनी परत पाठवतात. १९७८ मध्ये डेव्हिड केंप यांनी तो टिपला, त्यावरच ही तपासणी उभी आहे. चांगली आहे, झटपट होते. पण कानापासून मेंदूकडे जाणारी नस शाबूत आहे का, हे तिला कळत नाही, आणि तीव्र काविळीचा घाला अनेकदा त्या नसेवरच पडतो. अशा बाळाची ओएई ‘पास’ येते आणि बाळाला नीट ऐकू मात्र येत नसतं. म्हणून पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळाची बेरा झालीच पाहिजे.

बेरात सुई नाही, दुखणं नाही. बाळाला दूध पाजून झोपवतात, कपाळ आणि कानामागची त्वचा पुसून तारांच्या चकत्या चिकटवतात, कानात टिकटिक आवाज सोडतात. मेंदूपर्यंत संदेश पोहोचतो की नाही, ते यंत्रावर दिसतं.

निरोगी बाळांमध्ये हजारात एक ते तीन जणांना ऐकण्याचा दोष असतो, तर अतिदक्षता कक्षातल्या बाळांत शेकड्याला दोन ते चार. व्हेंटिलेटर, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी औषधं, मेंदूज्वर ही त्यामागची काही कारणं. औषधांना बोल लावू नका, त्यांनीच जीव वाचवलेला असतो. त्यांची नोंद मात्र बाळाच्या सुटीच्या कार्डावर हवी.

घरी आजी थाळी वाजवून बघते, बाळ दचकतं, सगळे निर्धास्त होतात. पुढे बोलणं लांबलं की ‘त्याचा काकाही उशिराच बोलला होता’ म्हणत दोन वर्षं निघून जातात. ती दोन वर्षंच भाषेची असतात. पहिल्या महिन्यात चाळणी-तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा उपचार, हे वेळापत्रक त्यासाठीच आहे.

पहिल्या तपासणीत ‘रेफर’, म्हणजे ‘पास नाही, पुढे तपासा’, असं आलं तर घाबरू नका. कानात साचलेल्या द्रवामुळेही तसं येतं, पुन्हा तपासा. दोष निघालाच, तर मदतही आहे : २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण आहे, आणि मध्य प्रदेशात कॉक्लियर इम्प्लांटसाठी मुख्यमंत्री बाल श्रवण योजनाही आहे.

दिंडोरीहून लहानग्याला घेऊन पुन्हा जबलपूर गाठणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून सुटीआधीच बेरा मागून घ्या. राहिलीच, तर कार्डावर तारीख लिहून घ्या आणि दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा ते कार्ड आशाताईंना दाखवा.