केसपेपरवर न येणारी उदासी



जबलपूरचा अवघड रुग्ण ‘एकदा नागपूरला दाखवून येतो’ म्हणतो आणि सिवनीमार्गे अडीचशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता धरतो. मल्टिपल स्क्लेरॉसिसचा (एमएसचा) रुग्ण तर हमखास. परततो तेव्हा फाइलमध्ये एमआरआय असतो, पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट असतो, इंजेक्शनांची यादी असते. मनाबद्दल एक ओळ नसते. आपल्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या, केसपेपरवरही नसते. ती का नसते, यावरच आज बोलणार आहे.

आमच्या पिढीला एमएस हा आजार थंड देशांतला, गोऱ्या लोकांचा म्हणून शिकवला गेला. मुंबईत डॉ. नोशीर वाडियांनी पारशी समाजात तो ठळकपणे दाखवला. पुढे एमआरआय आला आणि तो सगळ्यांतच दिसू लागला. स्वतः रुग्ण असलेल्या रेहमत फाझलभॉय यांनी १९८५ मध्ये मुंबईत एमएस सोसायटी उभी केली. निदान आता होतं. नैराश्य मात्र निसटतं, आणि पाश्चात्त्य अभ्यासांप्रमाणे या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते आयुष्यात केव्हातरी गाठतं.

ते निसटण्याचं कारण आपला चांगुलपणा आहे, असं माझं मत आहे. पंचविशीतल्या मुलीचे पाय लटपटू लागले, ठरलेलं लग्न मोडलं. ती उदास होणारच, असं आपण म्हणतो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. पण मधुमेह्याच्या पायाला जखम होणारच, असं म्हणून आपण ड्रेसिंग सोडत नाही. शिवाय ही उदासी निव्वळ परिस्थितीची नसते. मेंदूतला दाह आणि तिथले व्रण तिला हातभार लावतात. म्हणूनच व्यवस्थित चालणारा रुग्ण आतून कोसळलेला सापडतो आणि व्हीलचेअरवरचा हसतमुख. अपंगत्वावरून मनाचा अंदाज बांधू नका. स्टेरॉइडच्या सलाइननंतर मूड पालटू शकतो, तेही घरच्यांना आधी सांगून ठेवा.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. शरीर तापलं की या रुग्णांची लक्षणं वाढतात; श्रमानंतर त्यांची नजर मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफने १८९० मध्येच नोंदवलं होतं. जबलपूरच्या मे महिन्यात ओट्यापाशी उभी राहिलेली सून दहा मिनिटांत खाली बसते. सकाळी बरी होती, दुपारी बसली. सासूला हा आळस वाटतो, नवऱ्याला नाटक. वर्षभरात तिलाही तेच पटतं. ‘मीच निकामी आहे हो, डॉक्टर,’ असं ती सांगते आणि आपण बी-ट्वेल्व्ह लिहून देतो! त्या घरातल्या माणसांना समोर बसवून, हा थकवा आजाराचा आहे, हे पाच मिनिटं समजावणं हासुद्धा उपचारच आहे. (आणि तो फुकट आहे.)

नैराश्य ओळखताना थकवा, झोप, विसरभोळेपणा यांवर विसंबू नका. ती लक्षणं मूळ आजाराचीही असतात आणि नैराश्याचीही. दोनच प्रश्न विचारा: गेल्या दोन आठवड्यांत मन सतत उदास होतं का? आवडीच्या गोष्टींतला रस गेला का? उत्तर ‘हो’ आलं, तर जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आणि या रुग्णांत आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक आहे. समुपदेशन, विशेषतः विचार-वर्तन उपचार, उपयोगी पडतो. फोनवरून दिला तरी पडतो, हे दूरच्या मंडला-डिंडोरीच्या रुग्णासाठी महत्त्वाचं. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्याही चालतात. मन सावरलं की मूळ आजाराची महागडी औषधंही रुग्ण नियमित घेतो.

कायद्याचा आधारही आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव आहे. प्रमाणपत्रासाठी रुग्णाला स्वतःहून पाठवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्याच पंगतीला बसवायला लावलं आहे, हेही त्याला सांगा.

शेवटी एवढीच विनंती. सोमवारी ओपीडी उघडाल तेव्हा हे दोन प्रश्न केसपेपरवर छापून घ्या आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रुग्णाला दिसेल अशा जागी लावा.