पाच स्क्रूंचा लॅपटॉप

अनेक लॅपटॉपांत बॅटरी चिकटवलेली असते, रॅम बोर्डालाच डाखलेली असते. बिघाड एका भागात, पण बदलायला लागतो अर्धा संगणक.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रेमवर्क कंपनीनं 2021 साली याच्या उलट जाणारा लॅपटॉप विकायला काढला. खोक्यातच छोटा स्क्रूड्रायव्हर. तळाचे पाच स्क्रू सैल करायचे; ते निसटत नाहीत, तळालाच अडकून राहतात. चष्म्याचा स्क्रू पलंगाखाली शोधलेल्यांना यातलं सुख कळेल! कीबोर्डाचा भाग लोहचुंबकानं बसवलेला. तो उचलला की बॅटरी, रॅम, पंखा समोर, आणि भागांवर माहितीसाठी क्यूआर कोड.

मला मात्र दाद द्यावीशी वाटते ती मेनबोर्डाला. नवा प्रोसेसर हवा, तर फक्त हा बोर्ड बदलायचा. काढलेला बोर्ड स्क्रीन आणि बॅटरीशिवायही चालतो. टीव्हीला जोडा, घरचा संगणक झाला. किंवा फायली साठवायला ठेवा. 2022 मध्ये कंपनीनं बोर्डाची मापं आणि थ्रीडी प्रिंटरवर करता येणाऱ्या डब्याचे आराखडे सर्वांना खुले केले. मग हौशी मंडळींनी त्यावर हातात धरायचे संगणकसुद्धा बनवले.

अर्थात प्रोसेसर बोर्डाला डाखलेलाच आहे, तो एकटा बदलता येत नाही. आणि 2025 मध्ये याच कंपनीनं आणलेल्या डेस्कटॉपमध्ये रॅमही डाखलेली आहे. कारण वेगाचं: सुटी रॅम त्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरला पुरेशा गतीनं माहिती पुरवू शकत नव्हती.