एकादशी आणि पॅट्रिकचा सण



परदेशांतील एखाद्या सणाची आठवण सांगा, असें मला सुचविण्यांत आलें तेव्हां मी प्रथम नाहींच म्हणालों. माझें सारें आयुष्य लासूर स्टेशनच्या परिसरांत, प्राथमिक शाळेंतील मुलांना पाढे आणि भूगोल शिकविण्यांत गेलें. शिक्षण मॅट्रिक, आणि वर शिक्षकाची पदविका. भिंतीवरच्या नकाशांत युरोपच्या पश्चिम टोकाला छडी टेकवून 'हा आयर्लंड. पाऊस फार, गवत फार, राजधानी डब्लिन' असें मी तीस वर्षें सांगत आलों. त्याच टोकाला जाऊन आपण कधीं राहूं, हें स्वप्नांतहि नव्हतें. परंतु मुलगा तेथें कॉर्क शहरीं औषधांच्या एका कारखान्यांत नोकरीस लागला, आणि २०१९ सालच्या फेब्रुवारींत त्यानें आम्हां उभयतांना बोलावून घेतलें.

एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. मित्रमंडळींत बसून आपण कधीं कधीं व्हिस्की घेतों, असें मुलानेंच एकदां सरळपणें घरीं सांगितलें होतें. त्यानें लपविलें असतें तर मला कळलेंहि नसतें. मीं मात्र त्या दिवसापासून त्याच्या पंक्तीस बसणें सोडलें. तो सुटींत लासूरला येई. त्याला आधीं वाढलें जाई आणि मी मागून जेवीत असें. 'अण्णा, कारण तरी सांगा,' असें त्यानें दोनदां विचारलें. मीं गळ्यांतील तुळशीच्या माळेकडे बोट दाखविलें. तें खरें कारण नव्हतें.

त्या मार्चांत तीन सण एकामागून एक आले. ४ तारखेस महाशिवरात्र, १७ तारखेस त्या देशाच्या संत पॅट्रिकचा दिवस आणि २० तारखेस होळी. हा पॅट्रिक मूळचा आयरिश नव्हे. पांचव्या शतकांतील ब्रिटनमधला हा मुलगा. लुटारूंनीं त्याला पळवून आयर्लंडांत गुलाम केलें, तेथें त्यानें सहा वर्षें गुरें-मेंढरें राखलीं, मग पळून घर गांठलें, आणि पुढें धर्मोपदेशक होऊन त्याच लोकांत परत गेला. ज्यांनीं दास केलें त्यांच्याच दारीं परत जावयाचें, ही गोष्ट मला फार आवडली. १७ मार्च हा त्याच्या निधनाचा दिवस मानतात आणि १९०३ पासून त्या दिवशीं तेथें सार्वजनिक सुटी असते. लोक कोटावर तीन पानांची एक बारीक वनस्पति लावतात. ईश्वर तीन रूपांत असून एक कसा, हें पॅट्रिकनें त्या पानावरून समजाविलें, अशी आख्यायिका आहे. हें ऐकतांच आमची मंडळी म्हणाली, 'म्हणजे बेलच कीं!' शिवरात्रीला बेल मिळाला नाहीं म्हणून ती तेरा दिवस हळहळत होती.

आतां योग असा कीं, त्या वर्षीं १७ मार्चच्या रविवारीं फाल्गुन शुद्ध एकादशी आली. त्या लोकांचाहि तो काळ ईस्टरपूर्वींच्या चाळीस दिवसांच्या व्रताचा. पण पॅट्रिकच्या दिवसापुरती व्रतांतून सूट घेण्याची त्यांची जुनी चाल आहे. म्हणजे त्यांचा उपास सुटलेला आणि माझा धरलेला! शेजारीं एक वृद्ध बाई एकट्याच राहत, मुलें ऑस्ट्रेलियांत. त्यांनीं आम्हां सर्वांना दुपारीं जेवावयास बोलाविलें. मेजावर मोठ्या भांड्यांत मटण, बटाटे आणि कांदा एकत्र शिजविलेला रस्सा होता, तो मुलासाठीं. मुलानें आधींच कल्पना दिली असावी, कारण माझ्यापुढें त्यांनीं सालीसकट उकडलेल्या बटाट्यांची बशी, मीठ आणि ताज्या लोण्याचा गोळा ठेविला. आमच्याकडे उपासाला बटाटा चालतो, हें मुलानें समजावून सांगितल्यावर त्या बाई थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, 'आमच्याकडे बटाटा नसणें याचेंच नांव उपास.'

त्यांचें बोलणें अक्षरशः खरें होतें. बटाटा हा दक्षिण अमेरिकेंतील कंद. आमच्याकडे त्याला पोर्तुगीजांनीं आणलें, नांवहि त्यांचेंच. आम्हीं त्याला उपासाच्या फराळांत बसविलें. आयर्लंडांतील गरिबांनीं त्याला रोजचें अन्न केलें. कष्टकरी गडी दिवसाला पांच-सहा किलो बटाटे खाई, सोबत ताक. दुसरें कांहीं क्वचितच. १८४५ मध्यें या पिकावर करपा आला. आमचे शेतकरी आज त्याला औषध फवारतात. तेव्हां औषध कोणास माहीत नव्हतें. एका रात्रींत हिरवें शेत काळें पडे. पुढील सहा-सात वर्षांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें आणि रोगानें गेलीं, तितकींच किंवा अधिक जहाजांत बसून देशाबाहेर गेलीं. आणि त्या काळांतहि त्याच देशाच्या बंदरांतून धान्य आणि लोणी विलायतेस रवाना होत होतें. सरकारनें अमेरिकेहून मका मागविला. त्या पिवळ्या पिठाची कोणाला संवय नव्हती. तें पोटाला बाधे. पील नांवाच्या पंतप्रधानानें तें आणलें म्हणून लोक त्याला 'पीलचा गंधक' म्हणत. १८४७ च्या आरंभीं सात लाखांवर माणसें रस्त्यांच्या दुष्काळी कामांवर खडी फोडीत होतीं.

बाई हें सांगत होत्या, मुलगा मला मराठींत सांगत होता, आणि माझ्या हातांतला बटाटा तसाच राहिला. अमेरिकेहून आलेलें परकें धान्य आणि खडी, या दोन्ही वस्तु मीं पाहिल्या होत्या.

त्यांनीं विचारलेला एक प्रश्न येथेंच सांगतों, म्हणजे विसरणार नाहीं. त्या वेळीं आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर होते. त्यांचे वडील डॉक्टर, मुंबईहून तिकडे गेलेले. मूळ गांव मालवण तालुक्यांतील वराड. तेव्हां 'तुमचे ते नात्यांतले का?' असें बाईंनीं विचारलें. कोकण आणि मराठवाडा यांत किती अंतर आहे तें मीं त्यांना सांगितलें. त्याच वर्षीं डिसेंबरच्या अखेरीस वराडकर आपल्या कुटुंबासह वराडला येऊन गेले, तेव्हां आमच्या गांवांत तें वर्तमान सर्वांआधीं मीं वाचून दाखविलें.

संध्याकाळीं बाईंनीं उरलेलें अन्न डब्यांत भरून दिलें, तें मीं सोमवारीं द्वादशीस पारण्याला खाल्लें. त्यांची सोडा घातलेली पाव-भाकरी मला फार रुचली. गव्हाचें जाडें पीठ, ताक, मीठ आणि सोडा. आंबवण नाहीं, तासन्‌तास वाट पाहणें नाहीं. वर सुरीनें फुली मारून भट्टींत ठेवावयाची. दुसरा पदार्थ कोलकॅनन. कुसकरलेल्या बटाट्यांत कोबी आणि दूध. वाढतांना मध्यें खळगा करून त्यांत लोणी सोडतात, जसें आम्ही पिठल्यांत कच्चें तेल सोडतों तसें. तिसरा बॉक्स्टी, कच्चा बटाटा किसून पीठ-ताकांत कालवून तव्यावर टाकलेला, थालीपिठाचा सख्खा भाऊच. मिरची कोठेंच नाहीं, एवढीच तक्रार. आमच्या मंडळीनें लासूरहून नेलेला ठेचा त्या बाईंना चाखविला, त्याचें वर्णन करीत नाहीं.

दुपारची मिरवणूक मीं पाहिली. वाद्यें, मुलें, हिरवे टोप, आणि भुरभुर पाऊस. मला त्याहून मोलाचा वाटला तो कॉर्कच्या मुख्य रस्त्यावरचा एक पुतळा. हा फादर मॅथ्यू. या पाद्र्यानें १८३८ मध्यें त्याच गांवांत दारूबंदीची शपथ देण्यास आरंभ केला आणि लाखों लोकांनीं ती घेतली. १९२७ च्या कायद्यानें तर पॅट्रिकच्या दिवशीं मद्यगृहेंच बंद ठेविलीं होतीं, आणि तो निर्बंध बरींच वर्षें टिकला. आतां मात्र त्या दिवशीं मद्यगृहांत शिरावयास जागा नसते. मी पुतळ्यापाशीं बराच वेळ उभा राहिलों. मुलानें मुकाट्यानें माझें छायाचित्र घेतलें.

सण रविवारीं आल्यामुळें सोमवारचीहि सुटी होती. 'मिडलटनला जाऊं, आगगाडीनें,' असें मुलगा म्हणाला. आगगाडी म्हटल्यावर मी लगेच तयार होतों, हें त्याला ठाऊक आहे; मीटरगेजच्या धुराची चव घेत वाढलेला मी माणूस. कित्येक वर्षें बंद पडलेली ती लाइन २००९ मध्यें पुन्हां सुरू झाली आहे. मात्र मिडलटनमध्यें व्हिस्कीचा जुना कारखाना आहे, हें मला स्टेशनवर उतरल्यावर कळलें. मी रागावलों नाहीं असें म्हणणार नाहीं.

तरी आंत गेलों. मास्तराची जात; कृति कशी होते हें पाहिल्याशिवाय राहवत नाहीं. सातू, म्हणजे जव, कांहीं मोड आणलेले आणि कांहीं कच्चे, दळून आंबवितात आणि त्याचा अर्क तीन वेळां काढतात. मोड आणलेल्या धान्यावर सरकारी कर बसे, तो चुकविण्यासाठीं कच्चें धान्य मिसळण्याची रीत वाढली. पुढें तीच चव लोकांना आवडूं लागली. मग तो अर्क लांकडी पिंपांत निदान तीन वर्षें ठेवावयाचा, असा कायदा आहे. दरवर्षीं शेंकडा दोनएक भाग हवेंत उडून जातो, त्याला ते 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. अंगणांत १८२५ सालचें एक तांब्याचें भांडें आहे; सुमारें एक लाख त्रेचाळीस हजार लिटर मावतील एवढें. व्हिस्की या शब्दाचा मूळ आयरिश अर्थ 'जीवनाचें पाणी', असें आमच्या वाटाड्यानें सांगितलें.

तें भांडें पाहून माझ्या डोळ्यांपुढें पत्र्याचा एक डबा आला. शेवटीं बांकावर बसवून प्रत्येकाला पेला दिला. मला सफरचंदाचा रस. मुलानें पेला उचलला, माझ्याकडे पाहिलें आणि खालीं ठेविला. तेव्हां मीं त्याला सांगितलें.

१९७२ च्या दुष्काळांत मी अकरा वर्षांचा होतों. शिवनेच्या पात्रांत वाळूच उरली होती. आई आणि वडील दोघेंहि खडीच्या कामावर. आम्हां पोरांना तेथें सुकडी मिळे, आणि घरीं अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी. ती घशाखालीं उतरत नसे. आठवड्याचा पगार होई त्या दिवशीं वडील ओढ्याकडे जात. तेथें गूळ आणि नवसागराची हातभट्टी लागे. आई पगाराच्या रांगेपासून त्यांच्या मागें मागें चाले, आणि मी आईच्या मागें. एकदां ते रिकाम्या हातानें परतले तेव्हां आईनें मिलोचें पीठ मोजून तीन दिवसांचे भाग केले आणि स्वतःचा भाग धरलाच नाहीं. विचारलें तर म्हणाली, 'मला एकादशी आहे.' त्या आठवड्यांत एकादशी नव्हती. वडील पुढें चारच वर्षें जगले. नातवाला मीं ते तापानें गेले असें सांगत आलों होतों.

मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, 'अण्णा, हें तुम्हीं मला आधीं सांगावयास हवें होतें.' मीं म्हटलें, 'होय.' त्याचा पेला तसाच राहिला. तो त्यानें माझ्यासाठीं ठेविला कीं आजीसाठीं, हें मीं विचारलें नाहीं.

बाहेर आल्यावर त्यानें मला गांवांतील एका बागेंत नेलें. तेथें पोलादाचीं नऊ उंच पिसें वर्तुळांत उभीं आहेत. अमेरिकेंतील चोक्टॉ नांवाच्या आदिवासी लोकांना त्यांच्या भूमीवरून हांकलून दिलें होतें. वाटेंत त्यांचीं हजारों माणसें मेलीं. तरी १८४७ मध्यें त्यांनीं आयर्लंडांतील भुकेल्यांसाठीं १७० डॉलर जमवून पाठविले. हें स्मारक त्यांच्यासाठीं, २०१७ मध्यें अर्पण केलेलें. आमच्या देशानेंहि कांहीं दिलें होतें. १८४६ मध्यें कलकत्त्यास निधि सुरू होऊन सुमारें चौदा हजार पौंड जमले, मुंबईहूनहि पैसे गेले. पिसांच्या मध्यें उभें राहिल्यावर वारा फार लागतो. बापलेक तेथें पाऊस येईपर्यंत होतों.

बुधवारीं होळी. आमच्या मंडळीनें पुरणपोळ्या केल्या. शेजारच्या बाईंनीं पोळीवर तुपाऐवजीं लोणी माखून दोन खाल्ल्या. जातांना 'मास्तरांसाठीं' म्हणून त्यांनीं एक छोटी बाटली पुढें केली. मुलगा घाईनें कांहीं सांगूं लागला, पण मीं ती दोन्ही हातांनीं घेतली आणि त्याच्या कपाटांत ठेविली. त्या रात्रीं मी त्याच्या शेजारीं पाटावर बसून जेवलों.

पुढच्या दिवाळीस तो लासूरला आला. दारांत रांगोळी होती, पानें मांडलेलीं होतीं. 'ती बाटली?' असें मींच विचारलें.

'निम्मी आहे, अण्णा,' तो म्हणाला.

मीं त्याच्याजवळचा पाट ओढला, आणि आम्ही जेवावयास बसलों.