कट्ट्यावरचं विणकाम

शिवाजी पार्क पूर्वी माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नाव बदललं ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने. या बाई सूतही कातत, आणि त्या सुताचं धोतर गांधीजींना वाढदिवसाला देत.

आज त्याच मैदानाच्या कट्ट्यावर मैत्रिणींसोबत विणायला बसायला काय हरकत आहे? मुंबईत थंडी ती केवढी, तेव्हा लोकरीऐवजी सुती दोरा घ्या. नवशिकीला आधी फक्त सुलट टाका शिकवा. सगळ्या ओळी सुलट विणल्या की पट्टीच्या कडा गुंडाळत नाहीत. एकाच ओळीत एक सुलट, एक उलट घेतला की वीण ताणली जाते. मनगटाला, गळ्याला तीच हवी. टाका सुटला तर उसवू नका, क्रोशाच्या सुईने वर उचला.

आणि एक जण टाके मोजत असताना बाकीच्यांनी गप्प बसावं. कट्ट्यावर हे जरा अवघडच!