बाळंतपणाचे एक अबोल दुखणे
(वार्षिक महिला मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय काहींना चारचौघांत काढण्याजोगा वाटणार नाही. परंतु तो सभेत निघत नाही आणि घरातही निघत नाही, म्हणूनच आम्ही तो येथे मांडीत आहोत. आमच्याच नात्यातील एक काकू मंगळागौरीच्या खेळांत कधी उतरल्या नाहीत. लग्नकार्यातून लवकर निघून जात. लोक त्यांना मानी म्हणत. शिंक आली, हसू आले की लघवी सुटेल, ही धास्ती त्यांनी धाकट्या मुलाच्या जन्मापासून वीस वर्षे उराशी बाळगली होती. हे कळले तेव्हा आम्हांस आमचीच लाज वाटली.

ह्या दुखण्याचे मूळ समजावयास अवघड नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांस तीच खालून आधार देते आणि लघवी-शौचाच्या वाटा आवळून धरते. नऊ महिने गर्भाचा भार तिच्यावर असतो. प्रसूतीच्या वेळी ती अतिशय ताणली जाते. पोट चिरून मूल काढले तरी गरोदरपणाचा भार तिने वाहिलेलाच असतो. ही झोळी सैल पडली की लघवी ठिबकते. कित्येकींचे अंग बाहेर येते.

परंतु हे स्त्रीचे प्राक्तन नव्हे. अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली ह्या स्नायूंच्या व्यायामाविषयी लिहिले, आणि आजही वैद्य प्रथम तोच सांगतात. वायू व लघवी एकाच वेळी रोखावी तसे ते स्नायू आत आणि वर ओढावे. चार-पाच अंक मोजेपर्यंत धरावे. मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. श्वास कोंडू नये. मांड्या व नितंब आवळू नयेत. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. गरोदरपणीच आरंभ करावा. प्रसूतीनंतर त्रास होत नसेल तर थोड्या दिवसांत पुन्हा धरावा. टाके असल्यास डॉक्टरांस विचारावे. निदान तीन महिने नेमाने केल्यावाचून गुण आला नाही असे म्हणू नये. मात्र लघवी करताना ती मध्येच अडविण्याची सवय लावू नये.

अंग खाली आल्यासारखे वाटणे, शौचावर ताबा न राहणे, लघवी अडणे किंवा त्या जागी वेदना होणे, अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत दिवस न घालविता स्त्रीरोगतज्ज्ञांस दाखवावे.

आता सासवांस आणि पतिराजांस एक विनंती. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी हे सारे आपण मायेने करता. पण पोट आवळून बांधल्याने हे स्नायू बळकट होत नाहीत. बाळंतिणीस जड भांडी उचलू देऊ नका. तिला शौचास कुंथावे लागू नये म्हणून पाणी, भाजी, फळे पुरेशी द्या. आणि सव्वा महिना सरताना एकांतात एवढेच विचारा : “तुला काही त्रास तर होत नाही ना?”

हा प्रश्न आमच्या काकूंस वीस वर्षांत कोणी विचारला नाही. आपल्या घरातील लेकीसुनांस तो विचारला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.